लखनवी शृंगारपरंपरा आणि पडद्यावरील स्त्री-स्त्री प्रेम : ‘डेढ इश्किया’च्या निमित्ताने

हिंदी चित्रपटसृष्टीत ‘लखनौ’ हे शहराइतकेच एका वातावरणाचेही नाव आहे. पडदे, चिलमन, मुशायरा, अत्तर, पानदान, आदाब आणि नजाकत यांच्या साहाय्याने हे वातावरण वर्षानुवर्षे उभे केले गेले आणि स्त्री-पुरुष प्रेमाच्या अनेक कथा त्यात रंगल्या. या वातावरणात दोन स्त्रियांमधील प्रेमाला कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न मात्र समीक्षेने फारसा विचारलेला नाही. १० जानेवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या अभिषेक चौबे दिग्दर्शित ‘डेढ इश्किया’ या चित्रपटाने हा प्रश्न नव्याने उपस्थित केला. या चित्रपटातील स्त्री-स्त्री प्रेमाचे चित्रण लखनवी परंपरेत कोठून आले, त्या परंपरेतील काय त्याने स्वीकारले आणि काय त्याच्या हातून निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘डेढ इश्किया’ची कथा आजच्या काळात घडते. त्यात मोबाईल फोन आहेत, मोटारी आहेत, बंदुका आहेत. तरीही त्याचे नेपथ्य, वेशभूषा आणि भाषा गतकाळाची आहे. लखनौपासून जवळच असलेल्या सीतापूर जिल्ह्यातील महमूदाबादचा उल्लेख आणि तेथील जुन्या वास्तूची पार्श्वभूमी यांमुळे प्रेक्षक ऐतिहासिक प्रेमपटाच्याच अपेक्षेने या चित्रपटाकडे पाहतो. ही अपेक्षा आधी निर्माण करून मग तिला धक्का देणे, हे या चित्रपटाचे मुख्य तंत्र आहे.

१. रेख्ती : शब्दांची परंपरा

नवाब आसफउद्दौला याने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली. दिल्लीच्या पडत्या काळात तेथील अनेक कवी या नव्या दरबाराच्या आश्रयाला आले. त्यांपैकी सआदत यार खाँ ‘रंगीन’ आणि इंशा अल्ला खाँ ‘इंशा’ या दोघांनी ज्या काव्यप्रकाराला नावारूपाला आणले, तो ‘रेख्ती’ या नावाने ओळखला जातो. उर्दू काव्यभाषेला त्या काळी ‘रेख्ता’ म्हणत. ‘रेख्ती’ हे त्याचेच स्त्रीलिंगी रूप होय. या काव्यात बोलणारी व्यक्ती स्त्री असते, तिची भाषा जनान्यातील बेगमाती बोली असते आणि विषय असतात दागिने, दाई, सवत, सण, रुसवेफुगवे आणि प्रेम.

रेख्तीचे वेगळेपण नेमके कळण्यासाठी गझलेचा संकेत ध्यानात घ्यावा लागतो. उर्दू गझलेतील प्रियकर आणि प्रिय व्यक्ती ही दोन्ही व्याकरणदृष्ट्या बहुधा पुल्लिंगी असतात. त्यामुळे तेथे प्रिय व्यक्तीचे लिंग झाकलेले राहते आणि ऐकणाऱ्याला आपल्या मनाप्रमाणे अर्थ लावता येतो. रेख्तीत हा पडदा दूर होतो. बोलणारी स्त्री आहे हे क्रियापदावरूनच कळते आणि अनेक रेख्त्यांत जिला उद्देशून ती बोलते तीही स्त्रीच असते.

या नात्यांसाठी रेख्तीच्या भाषेत स्वतंत्र शब्द होते. ‘दोगाना’ हा त्यांतील सर्वांत परिचित शब्द. एकाच कवचात दोन गर असलेला बदाम दोघींनी वाटून खायचा आणि त्यानंतर एकमेकींना ‘दोगाना’ म्हणायचे, असा हा विधी होता. ‘जनाखी’ या शब्दामागे पक्ष्याच्या छातीचे दुबेळके हाड दोघींनी मिळून मोडण्याची प्रथा आहे. रंगीनने आपल्या रेख्ती-संग्रहाबरोबर बेगमाती शब्दांचा अर्थही दिला, तर इंशाने ‘दर्या-ए-लताफत’ या आपल्या भाषाविषयक ग्रंथात स्त्रियांच्या बोलीची दखल घेतली. दोन स्त्रियांमधील शरीरसंबंधासाठी ‘चपटी’ हा शब्दही या काव्यात उघडपणे येतो. कलंदर बख्श ‘जुरअत’ याच्या नावावर त्याच विषयाचे ‘चपटीनामा’ आहेत. थोडक्यात, अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लखनौच्या नागर भाषेत या प्रेमासाठी नावे होती, विधी होते आणि विनोदही होता.

मराठी वाचकाला येथे दोन गोष्टी जवळच्या वाटतील. पहिली, स्त्रीच्या मुखाने बोलण्याची ही प्रथा उत्तरेपूर्वी दख्खनमध्ये दिसते. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीतील कवी हाश्मी याने दखनी भाषेत स्त्रीवाणीतील गझला लिहिल्या होत्या आणि मराठीच्या सहवासात वाढलेली ती दखनी मराठी कानाला परकी नाही. दुसरी, रंगीन आणि इंशा लखनौमध्ये रेख्ती रचत होते, साधारण त्याच काळात उत्तर पेशवाईतील राम जोशी, होनाजी बाळा आदी शाहीर स्त्रीच्या मुखाने शृंगारिक लावण्या रचत होते. दोन्ही ठिकाणी रचणारे पुरुष आणि बोलणारी स्त्री. पण लावणीतील नायिका सहसा पुरुषाची वाट पाहते आणि सखी ही तिचे गाऱ्हाणे ऐकणारी असते. रेख्तीत ही सखीच पुष्कळदा प्रेयसी होते.

रेख्तीचा गौरव करताना तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे. हे काव्य पुरुषांनी रचले आणि पुरुषांच्या मैफलीत वाचले. जान साहब हा नंतरच्या पिढीतील रेख्तीकार ओढणी घेऊन, बायकी हावभाव करीत मुशायऱ्यात रेख्ती म्हणत असे, असे सांगितले जाते. तेव्हा रेख्ती म्हणजे जनान्यातील स्त्रियांचे आत्मकथन नव्हे. स्वतः रंगीनने ही भाषा आपण गणिकांच्या सहवासात शिकलो असे म्हटले आहे. या कबुलीतून रेख्तीच्या भाषेमागे खऱ्या स्त्रियांचे बोलणे होते इतके मात्र निश्चित होते.

२. कोठी आणि जनाना

रेख्तीच्या पलीकडे, प्रत्यक्ष स्त्रियांच्या साक्षीने बोलणारे एक संशोधन येथे महत्त्वाचे ठरते. इतिहासकार वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी लखनौच्या तवायफांवरील आपला लेख १९९० मध्ये प्रसिद्ध केला. १८५८ ते १८७७ या काळातील नगरपालिकेच्या करनोंदींत तवायफांची नावे सर्वाधिक कर भरणाऱ्यांच्या वर्गात आढळल्याने त्या या विषयाकडे वळल्या आणि पुढे त्यांनी वृद्ध तवायफांशी प्रत्यक्ष संवाद साधला. पुरुषांपुढे दाखवले जाणारे प्रेम हा व्यवसायाचा भाग, शिकून घेतलेला ‘नखरा’ आहे आणि आपले खरे जिव्हाळ्याचे, काहींच्या बाबतीत शारीरिकही, संबंध कोठीतील स्त्रियांशीच आहेत, असे त्यांपैकी अनेकींनी सांगितले.

या साक्षीमुळे ‘लखनवी प्रेमकथे’चा नेहमीचा अर्थच उलटा होतो. मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ ही कादंबरी १८९९ मध्ये आली. मुजफ्फर अली यांचा ‘उमराव जान’ हा चित्रपट १९८१ मध्ये आला. या दोन्हींत तवायफेचे दुःख पुरुषाच्या प्रेमाभोवती फिरते. ओल्डेनबर्ग यांना भेटलेल्या स्त्रियांच्या मते मात्र पुरुषासमोरचे प्रेम हे रंगभूमीवरचे आणि सख्यांमधले प्रेम हे नेपथ्यातले. चित्रपटाने रंगभूमी दाखवली. नेपथ्याकडे जाण्याचे त्याने बराच काळ टाळले.

३. शब्द हरपण्याची प्रक्रिया

१८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले, वाजिद अली शाहला कलकत्त्यास जावे लागले आणि १८५७ च्या उठावानंतर लखनौची दरबारी संस्कृती मोडली. पराभवाचे कारण शोधणाऱ्या पुढच्या पिढीतील सुधारकांना ते पूर्वजांच्या विलासात सापडले. अल्ताफ हुसैन हाली यांनी १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त उर्दू काव्याच्या नैतिक शुद्धीकरणाची मागणी केली. इंग्रजी राजवटीतील नीतिकल्पना आणि देशी सुधारणावाद यांच्या या वातावरणात रेख्ती ‘अश्लील’ ठरली आणि बहुतेक संकलनांतून व अभ्यासक्रमांतून बाहेर राहिली. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ३७७ हेही याच युगाचे अपत्य होय.

या मौनाला पहिला मोठा छेद दिला तो इस्मत चुगताई यांनी. इस्मत यांचे पदवीशिक्षण लखनौच्या इझाबेला थॉबर्न महाविद्यालयात झाले होते. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘लिहाफ’ या कथेतील नवाबाला तरुण मुलांत रस आहे. उपेक्षित बेगम जानला जगण्याची ऊब मिळते ती मालिश करणाऱ्या रब्बोकडून. कथा सांगते ती एक लहान मुलगी. रात्री भिंतीवर हलणारी लिहाफाची सावली तिला हत्तीसारखी भासते आणि ती घाबरते. या कथेवर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला चालला आणि इस्मत निर्दोष सुटल्या. कथेत बोट ठेवावे असा एकही अश्लील शब्द विरोधकांना दाखवता आला नाही, असे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे.

येथे झालेले स्थित्यंतर मोलाचे आहे. रेख्तीत जे शब्दांत होते ते ‘लिहाफ’मध्ये सावलीत गेले. शब्द उरले नव्हते, आणि जे उरले होते ते उच्चारणे धोक्याचे होते. म्हणून लेखिकेने अजाण मुलीची नजर आणि भिंतीवरची सावली यांचा आश्रय घेतला. सावली हे तेव्हापासून या विषयाचे रूपकच बनले.

४. पडद्यावरचा पूर्वेतिहास

ऐतिहासिक प्रेमपटात या विषयाची सर्वांत ठळक खूण कमाल अमरोही यांच्या ‘रझिया सुलतान’ (१९८३) या चित्रपटात आढळते. नौकाविहाराच्या एका गीतप्रसंगात परवीन बाबी यांनी साकारलेली खाकून ही सखी हेमा मालिनी यांच्या रझियासाठी गाते. खय्याम यांचे संगीत आणि लता मंगेशकर यांचा स्वर लाभलेल्या या गीताच्या ओघात दोघींचे चेहरे जवळ येतात आणि मध्ये एक मोठे पीस आडवे येते. गीताचा शब्दार्थ दूरच्या प्रियकराविषयी असला तरी दृश्याचा अर्थ जवळच्या सखीविषयी आहे. शब्द आणि दृश्य यांतील ही फट दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक ठेवलेली दिसते. लिहाफाच्या जागी पीस आले, इतकेच.

मराठीत याच काळात दोन कलाकृती या विषयाला सामोऱ्या गेल्या. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली सुमित्रा म्हणजे मित्रा ही दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करते आणि अखेर आत्मनाशाकडे जाते. तिची गोष्ट सांगतो तो बापू हा तिचा मित्र. १९८२ च्या जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’मध्ये स्त्रियांच्या आश्रमातील दोघींच्या संबंधाचा प्रसंग येतो आणि तो व्यवस्थेसमोरची एक ‘समस्या’ म्हणून येतो. दोन्ही कलाकृती प्रामाणिक आहेत. पण त्यांत हे प्रेम शोकाचा किंवा उपचाराचा विषय आहे. त्यात आनंदाला जागा नाही. लखनौच्या परंपरेशी तुलना करता हाच भेद डोळ्यांत भरतो.

पुढे दीपा मेहता यांचा ‘फायर’ (१९९६) भारतात १९९८ च्या अखेरीस प्रदर्शित झाला, तेव्हा मुंबई व दिल्लीत चित्रपटगृहांवर हल्ले झाले. हे प्रेम परदेशातून आणलेले आहे, हा त्या वेळी वारंवार केला गेलेला दावा. रेख्तीचा इतिहास वाचणाऱ्याला या दाव्यातील विसंगती सहज दिसते. पण तो इतिहास फारच थोड्यांना ठाऊक होता.

५. ‘डेढ इश्किया’ : बोलणारे पुरुष, न बोलणाऱ्या स्त्रिया

‘डेढ इश्किया’ची कथा थोडक्यात अशी. नवाबाच्या मृत्यूनंतर बेगम पारा (माधुरी दीक्षित) एक मुशायरा भरवते. त्यात जिंकणाऱ्या कवीशी ती निकाह लावणार आहे. सोबत आहे तिची विश्वासू सहचरी मुनिया (हुमा कुरेशी). खालूजान (नसीरुद्दीन शाह) हा भुरटा चोर नवाब बनून येतो आणि त्याच्या मागोमाग त्याचा भाचा बब्बन (अर्शद वारसी). जान मोहम्मद (विजय राज) हा राजकारणी गुंडही उमेदवार आहे आणि त्याने एका खऱ्या कवीला ओलीस ठेवून त्याचे शेर आपल्या नावावर खपवायचे ठरवले आहे. शेवटी कळते की मुशायरा आणि बेगमेचे अपहरण हा सारा दोघी स्त्रियांनी रचलेला बनाव होता. कर्जात बुडालेल्या हवेलीतून बाहेर पडून एकत्र जगण्याइतका पैसा त्यांना हवा होता.

या कथानकात प्रेमाच्या भाषेची एक वेगळी वाटणी झालेली आहे. प्रेमाविषयी बोलतात ते पुरुष. खालूजान बब्बनला इश्काच्या सात पायऱ्या समजावून सांगतो, मुशायऱ्यात एकामागून एक शायर बेगमेच्या सौंदर्याचे वर्णन करतो. पण या बोलण्यातले जवळजवळ सगळे उसने किंवा चोरीचे आहे. एकाची नवाबी खोटी, दुसऱ्याचे शेर दुसऱ्याचे. उलट ज्या दोघींचे प्रेम खरे आहे, त्या त्याविषयी जवळपास काहीच बोलत नाहीत. पाराच्या आजारपणात मुनियाचा हात, केसांवरून फिरणारी बोटे, औषध देतानाची काळजी, एकमेकींकडे टाकलेला कटाक्ष यांतून प्रेक्षकाला ते हळूहळू कळते. या दृष्टीने पाहता चित्रपट मुशायऱ्याच्याच परंपरेची सौम्य टिंगल करतो. अलंकृत शब्द पुरुषांकडे राहिले आणि प्रेम दुसरीकडेच निघून गेले.

चित्रपटातील कळीचा प्रसंग या भूमिकेचे टोक आहे. खालूजान आणि बब्बन बांधलेले, थंडीने कुडकुडत बसलेले आहेत आणि समोरच्या भिंतीवर दोघी स्त्रियांच्या एकमेकींत मिसळणाऱ्या सावल्या दिसतात. तेव्हा खालूजान लिहाफ मागून घेण्याविषयी जो शेरा मारतो, तो इस्मत चुगताईंना केलेला उघड प्रणाम आहे. नवाबाची ‘वेगळी’ आवड, उपेक्षित बेगम, सेवेला असलेली सहचरी ही साम्ये आधीच आलेली असतात. हा एक शब्द त्यांना एकत्र बांधतो. पण प्रसंगातील फरकही तितकेच महत्त्वाचे आहेत. ‘लिहाफ’मध्ये सावली पाहणारी मुलगी भयभीत होते. येथे पाहणारे प्रौढ पुरुष आहेत, त्यांचे हात बांधलेले आहेत आणि त्यांना थंडी वाजते आहे. स्त्रियांच्या जवळिकीकडे पाहण्याचा पुरुषी अधिकार येथे असा हास्यास्पद केला आहे. त्यांना, आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकांनाही, केवळ सावली पाहायला मिळते. ऊब त्या दोघींची आहे.

चित्रपटातील संगीत आणि नृत्य याच अर्थाला साथ देतात. बेगम अख्तर यांनी लोकप्रिय केलेला एक दादरा चित्रपटात रेखा भारद्वाज यांच्या आवाजात नव्याने येतो. मूळ रचना सावळ्या प्रियकराला बोलावणारी आहे. पडद्यावर मात्र ती पारा आणि मुनिया यांच्या एकत्र नृत्यात येते. फैजाबादला जन्मलेल्या आणि लखनौमध्ये स्थिरावलेल्या बेगम अख्तरांचा वारसा, पंडित बिरजू महाराजांसारख्या लखनौ घराण्यातील गुरूने बसवलेले कथक आणि ते सादर करणारी मुंबईच्या मराठी घरातील अभिनेत्री, असा हा संगम आहे. माधुरी दीक्षित यांची प्रतिमा दोन दशके पुरुष-प्रेक्षकाच्या नजरेसाठी घडवली गेली होती. त्याच प्रतिमेचा उपयोग करून चित्रपट शेवटी ती नजर दुसरीकडे वळवतो. हे धाडस नजरेआड करता येत नाही.

६. मर्यादा आणि काळाचा संदर्भ

चित्रपटाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. पहिली मर्यादा वर्गाची आहे. बेगम आणि सहचरी हे नाते ‘लिहाफ’प्रमाणेच येथेही मालकीण-सेविका या चौकटीतून सुरू होते. मुनिया बनावाची सूत्रधार असल्याने ही चौकट सैल होते, पण चित्रपट तिचा पुरेसा विचार करीत नाही. दुसरी मर्यादा कारणमीमांसेची. पतीने उपेक्षा केली म्हणून स्त्री स्त्रीकडे वळली, असा अर्थ काढण्यास कथानक वाव देते. रेख्तीतील दोगाना अशा कारणाची वाट पाहत नव्हत्या. तिसरी आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मर्यादा भाषेची. ज्या शहराच्या भाषेत या नात्यासाठी नावे होती, त्याच शहराच्या वातावरणावर उभारलेल्या चित्रपटाला एकही नाव सापडत नाही. त्याने ‘लिहाफ’पर्यंतची वाट पकडली, रेख्तीपर्यंत तो गेला नाही.

मात्र या मौनाला काळाचा संदर्भ आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला निर्णय फिरवून सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी कलम ३७७ पुन्हा पूर्ववत केले. त्यानंतर महिनाभरातच हा चित्रपट आला. खुद्द लखनौमध्ये जुलै २००१ मध्ये एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या चार कार्यकर्त्यांना याच कलमाखाली अटक होऊन महिन्याहून अधिक काळ कोठडीत ठेवले गेले होते. अशा परिस्थितीत सावली हा संकोचाबरोबरच संरक्षणाचाही मार्ग ठरतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना या कलमातून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. गुन्हा गेला, नात्याला नाव अजून मिळाले नाही. बदामाचे दोन गर वाटून घेऊन नात्याला नाव देणाऱ्या दोगानांची आठवण येथे अपरिहार्यपणे येते.

या विस्मृत वारशाचे दालन अलीकडे पुन्हा उघडले ते रूथ वनिता आणि लखनौचे इतिहासकार सलीम किदवई यांच्या संपादनामुळे. त्यांचे ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ हे संकलन २००० मध्ये आले आणि वनिता यांचा रेख्तीवरील स्वतंत्र ग्रंथ २०१२ मध्ये. किदवई यांचे २०२१ मध्ये लखनौमध्येच निधन झाले.

७. समारोप

लखनवी परंपरेतील स्त्री-स्त्री प्रेमाचा प्रवास तीन टप्प्यांत सांगता येईल. रेख्तीत त्याला शब्द होते, पण ते पुरुषांच्या लेखणीतून आले. ‘लिहाफ’मध्ये स्त्रीची लेखणी आली, पण शब्द सावलीत गेले. ‘डेढ इश्किया’त सावली कायम राहिली, पण भयाची जागा हास्याने घेतली आणि दोघी स्त्रिया मृत्यूकडे न जाता पैसे घेऊन आपल्या वाटेने निघून गेल्या. मित्राच्या शोकांतिकेनंतर मराठी प्रेक्षकालाही या शेवटाचे मोल जाणवावे. पुढचा टप्पा कोणता, याचे उत्तर येणाऱ्या कलावंतांकडे आहे. त्यांना भिंतीवरच्या सावलीपलीकडे जायचे असेल, तर शब्द नव्याने घडवण्याआधी जुने शब्द शोधावे लागतील. ते लखनौच्या जुन्या दिवाणांत अजून आहेत.